तळहातावरचा नकाशा

कागदी नकाशात एक उणीव असते. गावे, नद्या, डोंगर, खिंडी आणि वाटा त्यात दाखवलेल्या असतात. परंतु तो नकाशा पाहणारा मनुष्य त्यात कोठे उभा आहे, हे मात्र दाखवलेले नसते. ते ज्याचे त्याने शोधून काढावयाचे. समोरचे शिखर कोणते, डावीकडून वाहणारा ओढा कोणता, उगवती कोणत्या बाजूस, याची जुळणी करीत करीत एका ठिकाणी बोट ठेवावयाचे आणि म्हणावयाचे, "आपण येथे आहोत." मोकळ्या हवेत हे काम फारसे कठीण नाही. पण धुके उतरले किंवा रात्र पडली, की जुळणी करण्यास खूणच उरत नाही, आणि उत्तमातला उत्तम नकाशाही हातात निरुपयोगी होऊन बसतो.

ही उणीव दूर करणारे एक यंत्र आज गिर्यारोहक, वनरक्षक आणि भूमापक बरोबर बाळगतात. त्यास जीपीएस यंत्र म्हणतात. ते साबणाच्या वडीपेक्षा थोडे मोठे असते आणि बहुधा दोन पेन्सिल सेलवर चालते. त्याच्या लहानशा पडद्यावर नकाशा उमटतो, आणि त्या नकाशात एक त्रिकोणी बाण दिसतो. तो बाण म्हणजे यंत्र हाती धरणारा मनुष्य. मनुष्य चालू लागला की बाण सरकतो. मनुष्य थांबला की थांबतो. मोबाइल फोनमध्येही आता अशी सोय असते. तथापि फोनवरचा नकाशा पुष्कळदा नेटवर्कमधून यावयाचा असतो, आणि डोंगरात नेटवर्क नसले की बाण तेवढा दिसतो व त्याच्या मागचा पडदा कोरा राहतो. या यंत्रात नकाशा आधीच साठवलेला असतो. शिवाय ते पावसाला भीत नाही.

या बाणाला स्वतःची जागा कशी कळते? आकाशात वीज चमकते आणि काही वेळाने गडगडाट ऐकू येतो. मध्ये तीन सेकंद गेले, तर वीज सुमारे एक किलोमीटरवर चमकली असे समजतात. कारण ध्वनी तीन सेकंदांत साधारण तेवढे अंतर तोडतो. वेळेवरून अंतर काढण्याची हीच युक्ती येथे वापरलेली आहे. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रहात अत्यंत अचूक असे आण्विक घड्याळ असते. आपण कोठे आहोत आणि किती वाजले आहेत, हे तो उपग्रह रेडिओलहरींनी अखंड सांगत असतो. त्या लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर. म्हणजे डोक्यावरच्या उपग्रहाचा निरोप हातातल्या यंत्रास पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. निरोपास लागलेल्या वेळावरून उपग्रह किती दूर आहे ते यंत्र काढते. अशी तीन अंतरे मिळाली की जागा निश्चित व्हावी. परंतु चौथा उपग्रहही लागतोच. यंत्रातले घड्याळ साधे असते, आणि ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकले तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते. चौथ्या उपग्रहाच्या साहाय्याने यंत्र आपले घड्याळ दुरुस्त करून घेते.

ही योजना मूळची अमेरिकेच्या संरक्षण खात्याची. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सुटला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण झाली. सामान्य लोकांसाठी असलेल्या लहरींत मात्र त्या काळी मुद्दाम चूक घातली जात असे. त्यामुळे बाण खऱ्या जागेपासून शंभर मीटरपर्यंत भरकटे. २ मे २००० रोजी ही चूक काढून टाकण्यात आली. आज मोकळ्या आकाशाखाली साधे यंत्रही बहुधा पाच-दहा मीटरांच्या आत जागा दाखवते. भारतानेही 'नाविक' नावाची स्वतःची योजना उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला.

मात्र जागा कळली म्हणजे वाट कळली, असे होत नाही. हे नीट समजण्यास एका खऱ्या गडावर जावे लागेल.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, हरिश्चंद्रगड आहे. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन मंदिर आहे, आणि मंदिराच्या पश्चिमेस, पठारावरून अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर, कोकणकडा. येथे देशावरची भूमी एकाएकी संपते आणि शेकडो मीटर खाली कोकण दिसू लागते. पावसाळ्यात कोकणातून येणारे ढग या कड्याला थडकून वर चढतात, आणि पाहता पाहता सारे पठार धुक्याने भरून जाते. दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. पडद्यावरचा नकाशा वाचता येतो की नाही, याला अशा ठिकाणी फार महत्त्व येते.

भाद्रपदातील एका सकाळी शाळेची एक तुकडी गडाच्या उत्तरेकडील पाचनई गावातून चढू लागली, असे समजू. तुकडीत नऊ मुलेमुली, त्यांचे सर आणि वाटाडे म्हणून गावातले एक बाबा. यंत्र सातवीतल्या एका मुलीच्या हाती दिलेले आहे.

निघण्यापूर्वी तिने यंत्र घेऊन मोकळ्या अंगणात थोडा वेळ उभे राहावयाचे असते. घाई करून भागत नाही. पुरेसे उपग्रह सापडले, बाण स्थिर झाला, मग तिने कळ दाबून त्या जागेची खूण नोंदवली. पडद्यावर लहानसे निशाण उमटले. त्याखाली अक्षांश-रेखांशांचे आकडे आले, ते तिने वहीतही उतरवून घेतले, कारण सेल संपले तरी वही संपत नाही. आता ती जेथे जाईल तेथे तिच्या बाणामागे एक बारीक रेघ उमटत जाईल. जनावराच्या पावलांवरून शिकारी माग काढतो; हाही एक मागच, पण स्वतःचा.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आखूड पट्टी असते आणि तिच्याजवळ एक आकडा. ही प्रमाणपट्टी. नवशिक्यांचे लक्ष बाणावर असते, पट्टीकडे कोणी पाहत नाही, आणि तेथेच फसगत होते. मुलीच्या यंत्रात पट्टीजवळ ३ किलोमीटर असा आकडा होता. त्यामुळे सारा गड बोटाच्या पेराएवढा दिसत होता आणि बाणाने त्याचा बराच भाग झाकून टाकला होता. "पोहोचलोच की!" असे एक मुलगा म्हणाला. अजून गावाची शेतेही ओलांडावयाची होती! तिने झूमची कळ दाबीत दाबीत आकडा ८० मीटरांवर आणला. आता वाटेचे वळण आणि पुढचा ओढा दिसू लागला. परंतु मंदिर पडद्याबाहेर गेले. जवळून पाहावे तर ठिकाण दिसत नाही, दुरून पाहावे तर वळण दिसत नाही. म्हणून चालताना पट्टीचा आकडा वरचेवर बदलावा लागतो: दिशा ठरवताना मोठा, वळणाशी आल्यावर लहान. आकडा २० मीटरांवर आणला म्हणून नकाशा अधिक खरा होतो, असे मात्र नाही. वाटेची रेघ फुगते एवढेच. चित्रावर भिंग धरले तर चित्रकाराने न काढलेले झाड त्यात दिसू लागत नाही.

वाट चढू लागली. एका बाजूस उंच कातळ आला. तेव्हा मुलगी घाबरून म्हणाली, "सर, आपण वाट सोडली!" पडद्यावर बाण वाटेच्या रेघेपासून पंधरा-वीस मीटर बाजूला गेला होता. बाबा हसले. ते तर मळलेल्या पायवाटेवरच उभे होते. घडले होते ते असे. कातळाने निम्मे आकाश झाकले होते. त्यामुळे थोडेच उपग्रह मोकळे राहिले, आणि काहींच्या लहरी कातळावर आपटून, लांबचा फेरा घेऊन यंत्रापर्यंत येत होत्या. प्रतिध्वनीवरून अंतर मोजू गेल्यास जी चूक होईल तीच ही चूक. शिवाय नकाशातली वाटेची रेघही कोणीतरी मनुष्यानेच काढलेली असते. तिचा हातही थोडा इकडेतिकडे झालेला असू शकतो. पायाखाली वाट स्पष्ट असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

विसाव्याच्या जागी सरांनी भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना कागदी नकाशा उघडला. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. यंत्रावरचे अक्षांश-रेखांश घेऊन मुलांनी कागदावर टिंब दिले, तर ते खऱ्या जागेपासून शंभर मीटरांच्या आसपास दूर पडले! या वेळी कातळाचा दोष नव्हता. पृथ्वी अगदी गोल नाही. तिच्या आकाराचे माप एक ठरवून मगच अक्षांश-रेखांशांचे जाळे आखता येते. भारताची मोठी मोजणी विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली आणि जॉर्ज एव्हरेस्ट याने ती पुढे नेली. जुने नकाशे या एव्हरेस्टने ठरवलेल्या मापावर आखलेले आहेत. जगातल्या सर्वोच्च शिखराला इंग्रजीत ज्याचे नाव दिले, तोच हा एव्हरेस्ट. जीपीएसचे माप निराळे आहे. त्यास डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात. आकडे तेच, पण जाळे दुसरे, म्हणून टिंब सरकले. यंत्राला कोणते माप वापरावयाचे ते सांगता येते. कागदावर काय छापले आहे ते आधी वाचले पाहिजे, इतकेच.

याच नकाशाने मुलांना आणखी एक गोष्ट दाखवली. डोंगराच्या अंगावरून गेलेल्या तपकिरी समोच्च रेषा कोठे विरळ होत्या, कोठे दाट. पठारावर त्या पांगलेल्या, तर पश्चिमेच्या टोकाशी इतक्या एकवटलेल्या, की त्यांची एकच जाड पट्टी झाली होती. ती पट्टी म्हणजे कोकणकडा. यंत्राच्या पडद्यावरही याच रेषा होत्या, पण झूम लहान असताना त्या दिसत नाहीत. त्या न पाहता नुसत्या बाणावर चालणे धोक्याचे आहे, हे सरांनी तेथेच बजावले.

पुन्हा चाल सुरू झाली आणि एक लहानसा वाद निघाला. "कोकणकडा डावीकडे आहे," एक जण पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "उजवीकडे," बाबा म्हणाले. दोघांचेही खरे होते. पडद्यावर उत्तर दिशा नेहमी वर राहील अशी योजना केलेली होती. त्यामुळे पश्चिमेचा कडा पडद्याच्या डाव्या बाजूस दिसत होता. पण पाचनईहून गडावर येणारा मनुष्य दक्षिणेकडे तोंड करून चालतो, आणि त्याच्या उजव्या हातास पश्चिम येते! यंत्राला सांगून चालण्याची दिशा वर आणता येते. मग पडद्यावरचे उजवे ते खरोखरचे उजवे. नवख्याला ही रीत सोयीची. कागदी नकाशा शेजारी ठेवून वाचावयाचा असेल तर मात्र उत्तर वर असलेलीच बरी. या दोहोंपैकी आपण कोणती योजना ठेवली आहे, ते विसरणे सर्वांत वाईट.

मंदिराशी पोहोचल्यावर तिने दुसरी खूण नोंदवली. मग सर्वांनी केदारेश्वराची गुहा पाहिली. गुहेत पाण्याने वेढलेले भव्य शिवलिंग आहे. तेथे यंत्र मुके झाले. डोक्यावर खडक, आकाश नाही, मग निरोप कोठून यावा? बाहेर आल्यावर काही वेळाने बाण पुन्हा जिवंत झाला.

दुपारी तुकडी कोकणकड्याकडे निघाली. कडा अजून बराच पुढे असताना धुके आले. प्रथम झुडपे गेली, मग पुढच्या मुलांच्या पाठी गेल्या. सरांनी सर्वांना हाक मारून एकत्र केले आणि खाली बसवले. कड्याकडे जाण्याचा हट्ट तेथेच संपला. आता परत मंदिराकडे फिरावयाचे. पण मंदिर कोणत्या बाजूस? बसण्याच्या गडबडीत कोणाचे तोंड कोठे होते, हे कोणालाच सांगता येईना.

"सर, बाण फिरतो आहे!" मुलगी म्हणाली. खरेच, बाण जागच्या जागी कधी इकडे, कधी तिकडे वळत होता. यंत्र बिघडले नव्हते. साध्या यंत्राला मनुष्य कोठे आहे ते कळते. तो कोणीकडे तोंड करून आहे ते कळत नाही. तो चालू लागला, की आधीची जागा आणि नंतरची जागा यांवरून यंत्र दिशा काढते. उभ्या मनुष्याची दिशा दाखवण्यास यंत्रात विजेरी होकायंत्र असावे लागते, आणि तेही नव्या सेलनंतर फिरवून जुळवून घ्यावे लागते. एरवी दहा-वीस पावले टाकली की बाण ठीक होतो. पण कड्याजवळ, धुक्यात, दिशा कळावी म्हणून दहा-वीस पावले टाकावयाची?

एवढ्यात एका मुलाने यंत्र घेऊन कड्याखालचे बेलपाडा गाव शोधण्यासाठी नकाशा सरकवला. गाव सापडले, अगदी बोटभर अंतरावर, जणू उतरून जावे! पडद्याच्या मध्यभागी आता एक निराळीच खूण होती आणि सारे जण तिलाच स्वतःची जागा समजू लागले. नकाशा हाताने सरकवला की तो मनुष्यामागे चालण्याचे सोडतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. मुलीने मागे जाण्याची कळ दाबली, तेव्हा बाण पुन्हा मध्ये आला.

मग तिने मंदिराची खूण निवडली. पडद्यावर बाणापासून मंदिरापर्यंत एक सरळ रेघ उमटली. मुले उठू लागली. पण सरांनी थांबवले. ती रेघ कावळ्याच्या उड्डाणाची होती. मध्ये कारवीचे रान आहे की ओढ्याची घळ, हे तिला ठाऊक नव्हते. त्या रेघेच्या शेजारून दुसरी एक वाकडीतिकडी रेघ गेली होती. ती त्यांच्याच सकाळपासूनच्या पावलांची. जेथून नऊ मुले सुखरूप आली तेथून ती परत जाऊ शकत होती, एवढे तरी निश्चित होते. नकाशात उत्तर वर घेतली तेव्हा माग पूर्वेकडे जाताना दिसला. सरांनी खिशातले साधे होकायंत्र तळहातावर ठेवले. सुई स्थिर झाली आणि एकही पाऊल न टाकता पूर्व सापडली.

बाबा पुढे, सर सर्वांत मागे, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या पिशवीला, अशी रांग निघाली. थोडे अंतर जाताच बाणाने दिशा धरली. एके ठिकाणी पायाखाली दोन वाटा फुटल्या. उजवीकडची रुंद आणि चांगली मळलेली होती. पाय आपोआप तिकडे वळले. पडद्यावर पाहता बाण मागापासून दूर जाऊ लागलेला दिसला. "ती ढोरवाट," बाबा म्हणाले, "गुरं चरायला जातात तिकडं." रांग दहा पावले मागे आली आणि डावीकडे वळली.

पुढे ओढा लागला. सकाळी त्यात घोट्याएवढे पाणी होते; आता त्याचा आवाज दुरूनच येत होता. माग सरळ पाण्यातून गेला होता आणि बाणही नेमका मागावर होता. बाबांनी काठी पाण्यात घालून पाहिली. "पाणी चढलंय, पोरांनो. वरच्या अंगाला जाऊ, तिथं खडक आहे." सर्व जण काठाकाठाने चाळीस पावले वर गेले, रुंद खडकावरून पलीकडे झाले आणि पुन्हा खाली येऊन मागाला मिळाले.

मंदिराच्या ओवरीत कपडे पिळून झाल्यावर मुलीने पडदा पुसला आणि पट्टीचा आकडा लहान केला. जातानाची आणि येतानाची, अशा दोन रेघा जवळजवळ एकमेकींवर पडल्या होत्या. ओढ्यापाशी मात्र दुसरी रेघ पहिलीला सोडून वर गेली होती आणि वळसा घेऊन परत आली होती. तिने त्या वळणावर एक नवी खूण नोंदवली आणि तिला 'बाबांचा खडक' असे नाव दिले.

अभ्यास

१. गुहेत शिरल्यावर यंत्र मुके का झाले? कातळाजवळची चूक आणि गुहेतली अडचण यांत फरक कोणता?

२. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. उत्तर वर असलेल्या नकाशात तुमच्या डाव्या हाताची बाजू कोठे येईल, ते आकृती काढून दाखवा.

३. धुक्यात सरांनी सरळ रेघ सोडून वाकडी रेघ का निवडली? तुमच्या शब्दांत सांगा.

४. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट कागदावर काढा. नकाशात सापडणार नाहीत, पण नवख्या माणसाला सांगावयास हव्यात, अशा तीन खुणा तिच्यावर दाखवा.